दुसरं येतंय, पण पहिलं अजून बाळच आहे

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या वेळची चारही पत्रं एकाच विषयावरची आहेत, घरात एक लहानगं आणि दुसरं वाटेवर. पहिलं पत्र मोठं आहे पण मी ते फारसं कापलं नाहीये, कारण त्यातलं निम्मं तरी अनेक घरांत जसंच्या तसं चालू असणार.

प्रश्न : ताई नमस्कार, मला अगंतुगंच करा, मी तुमच्या मुलीच्या वयाची असेन. आम्ही पनवेलला राहतो, वन बीएचके आहे, मुलगा सव्वादोन वर्षांचा आणि मला सातवा चालू आहे, तारीख जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली दिलीये. मी घरूनच अकाउंट्सचं काम करते, मिस्टर तळोज्याला शिफ्टमध्ये. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, आता दुसरं इथेच करायचं ठरलंय, सासूबाई साताऱ्याकडून येणार आहेत पण कधी ते नक्की नाही कारण तेव्हा पेरण्या असतात. तर झालंय असं की गेल्या महिन्यापासून मुलगा एकदम चिकटून असतो, सारखं "आई उचल, आई उचल", बाथरूमला गेले तरी दाराशी बसून रडतो, आणि रात्री अजून अंगावर पितो. सासूबाई रोज फोनवर सांगतात की तोड आता, पोटातल्या बाळाचं ओढून घेतोय तो. बिल्डिंगमधल्या बायका त्याला येताजाता विचारतात, "आता आई बाळाची होणार, मग तुला कोण घेणार रे?" आणि हसतात, तो माझ्या ड्रेसमध्ये तोंड लपवतो. आमचा प्लॅन होता की मेमध्ये डायपर सोडवायचा, दूध तोडायचं, हॉलमध्ये झोपायची सवय लावायची आणि जूनपासून प्लेग्रुपला घालायचं, म्हणजे बाळ येईपर्यंत हा जरा मोठा होईल. एकही गोष्ट जमत नाहीये. परवा मी त्याच्यावर इतकी ओरडले की तो दचकून गप्पच झाला, नंतर मीच रडत बसले. दवाखान्यात जायची वेळ आली की हा माझ्याशिवाय कसा राहील या विचाराने झोप लागत नाही. डॉक्टर म्हणतात माझं बाकी सगळं नॉर्मल आहे.

उत्तर : तुझं पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त खटकलं ते त्या बिल्डिंगमधल्या बायकांचं बोलणं, म्हणून आधी त्याचंच बोलते. सव्वादोन वर्षांच्या पोराला चेष्टा कळत नाही, त्याला फक्त एवढंच कळतं की आई जाणार आहे आणि आपल्याला कुणी घेणार नाही. हे रोज दोन-तीनदा ऐकल्यावर तो दाराशी बसून रडणारच, त्याच्या जागी कुणीही रडेल. त्या बायका वाईट नाहीत, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लहान मुलांशी असंच बोलतात, पण म्हणून तू ऐकून घ्यायचं कारण नाही. तिथल्या तिथे, त्याच्यासमोर, हसतच पण ठणकावून सांग, "आई त्याचीच आहे आणि त्याचीच राहणार, बाळाला पण घेईन आणि ह्यालापण घेईन." तुझं हे वाक्य त्याच्या कानावर पडायला हवं. दोन-चार वेळा सांगितलंस की बायका आपोआप बंद करतील. भाऊ हवा की बहीण हा प्रश्नसुद्धा त्याला कुणी विचारू नये, एक उत्तर पाठ करून घेतात आणि मग दुसरंच झालं की ते पोर सगळ्यांना विचारत बसतं.

आता उचलण्याचं. प्रेग्नन्सी नॉर्मल आहे, रक्तस्राव नाही, वार खाली नाही, डॉक्टरांनी वजन उचलू नको म्हणून सांगितलेलं नाही, तर त्याला अधूनमधून उचलल्याने काही बिघडत नाही. फक्त कमरेत वाकून उचलू नकोस, गुडघ्यात वाक, किंवा त्याला आधी सोफ्यावर चढू दे आणि तिथून घे. पण खरं सांगू का, त्याला बऱ्याचदा उंच व्हायचं नसतं, त्याला तू हवी असतेस. "आई उचल" म्हटलं की तू खालीच बस, भिंतीला टेकून मांडी घाल आणि त्याला कुशीत घे, बघ दहातल्या सात वेळा तेवढ्यावर भागतं. पोटामुळे मांडीत जागा उरत नसेल तर बाजूला घेऊन बस. ही सवय आत्ता लागली तर नंतरही कामाला येईल, कारण समजा सिझर झालं तर सहा आठवडे तरी बाळापेक्षा जड काही उचलू नको असंच सांगतात आणि तुझा मुलगा आता अकरा-बारा किलोचा तरी असेल.

दुधाबद्दल सासूबाईंना काळजी वाटते ती मायेपोटीच, पण त्यांना निवांतपणे सांग की पोटातल्या बाळाला जे मिळतं ते नाळेतून मिळतं आणि थोरला अंगावर पितो म्हणून त्याचं कमी होत नाही, फक्त तुला स्वतःला जेवण नीट लागतं. बाळ चोखतं तेव्हा गर्भाशय थोडं आवळतं हे खरं आहे आणि म्हणूनच आधी वेळेपूर्वी डिलिव्हरी झाली असेल, रक्तस्राव होत असेल किंवा जुळी असतील तर डॉक्टर थांबवायला सांगतात. तुझं तसं काही दिसत नाही, तरी पुढच्या चेकअपला थेट विचारून घे, बऱ्याच जणी हा प्रश्न लाजून विचारतच नाहीत. दुसरं म्हणजे चौथ्या-पाचव्या महिन्यापासून दूध आपोआप कमी होतं, चवही बदलते, काही मुलं त्या वेळी स्वतःहून सोडतात आणि काही उलट जास्त ओढत बसतात, तुझा दुसऱ्या गटातला दिसतोय. म्हणजे तो पितोय त्यापेक्षा नुसता तोंडात धरून झोपतोय असं असेल. तुला चालू ठेवायचं असेल तर बाळ आल्यावरही दोघांना पाजता येतं, फक्त सुरुवातीचा चीक आधी बाळाला, मग ह्याला. तोडायचंच असेल तर आत्ता सुरू कर, हळूहळू, दिवसाचं आधी आणि झोपतानाचं सगळ्यात शेवटी. कडुनिंबाचा पाला वाटून लावणं, कोरफड लावणं, मिरचीचा हात लावणं असलं काही करू नकोस. मला तो प्रकार अजिबात पटत नाही, पोराला काल गोड असलेली आई आज कडू का झाली तेच समजत नाही, आणि तेही नेमकं बाळ यायच्या तोंडावर.

आणि हे दूध असो की झोप, त्यातली खरी किल्ली तुझ्या मिस्टरांकडे आहे. सेकंड शिफ्ट नसेल त्या सगळ्या दिवशी आजपासून रात्रीचं सगळं बाबाने करायचं, वरणभात भरवणं, दात घासणं, कपडे बदलणं, थोपटून झोपवणं. पहिल्या काही रात्री तो आकांत करेल, "बाबा नको" म्हणेल, त्या वेळी तू त्याच खोलीत बसून राहिलीस तर ते कधीच जमणार नाही, सरळ खाली चक्कर मारून ये नाहीतर शेजारी जाऊन बस. आणि बाबाने शर्ट उलटा घातला, भात थोडा सांडला, गाणं चुकीचं म्हटलं तरी मध्ये बोलायचं नाही. त्याची स्वतःची एक पद्धत बसू दे, मग दवाखान्यातल्या त्या तीन-चार रात्रींची निम्मी भीती तिथेच संपते.

तुमच्या बाकीच्या प्लॅनबद्दल मात्र माझं स्पष्ट मत आहे की तो सध्या गुंडाळून ठेवा. डायपर सोडवणं, वेगळं झोपणं, प्लेग्रुप आणि दूध तोडणं, ह्यातली एकेक गोष्टसुद्धा त्या वयाला मोठी असते आणि तुम्ही चारही दोन महिन्यांत बसवताय. समजा रेटून जमवलंत तरी बाळ आल्यावर त्यातलं बरंचसं परत मागे जातं, सुटलेली शू परत सुरू होते, बोलणारं पोर बोबडं बोलायला लागतं, बाळाची बाटली मागतं, आणि मग सगळे म्हणतात एवढा मोठा होऊन असं काय करतो. तो मोठा झालेला नाही, सव्वादोनाचा आहे. डायपर दिवाळीपर्यंत राहिला म्हणून काही अडत नाही. शिवाय जुलैतला पनवेलचा पाऊस आठव, बाळाचे लंगोट, दुपटी, झबली घरभर दोऱ्यांवर लटकलेली आणि वाळत नाहीत म्हणून एकेक इस्त्री करून वाळवायची, त्यात ह्याच्या ओल्या चड्ड्यांची भर कशाला? प्लेग्रुपचंही तेच, जूनमध्ये शाळा आणि जुलैमध्ये बाळ म्हणजे त्याच्या डोक्यात एकच हिशोब होतो की बाळासाठी मला घराबाहेर काढलं. दिवाळीनंतर घाल. वेगळं झोपवायचं तर तो विचारच सोड, आणि चौघांनी एका खोलीत झोपायचं असेल तर खाली गाद्या घालून ह्याची जागा तुझ्या एका बाजूला, शेवटी बाबा, आणि बाळ तुझ्या दुसऱ्या बाजूला शक्यतो त्याच्या वेगळ्या पाळण्यात, उताणं, जवळ उशा-गोधड्या न ठेवता. दोघं मुलं शेजारीशेजारी नकोत, झोपेत ह्याचा पाय कुठे जाईल सांगता येत नाही.

त्याला बाळाबद्दल सांग, पण महिने-तारखा त्याला कळत नाहीत. "आंबे संपले, पाऊस आला, की बाळ येईल" एवढं पुरे. त्याचे स्वतःचे जन्माच्या वेळचे फोटो दाखव, तूपण असाच रडायचास, तुलाही मी असंच धरायचे, हे ऐकायला मुलांना फार आवडतं. बाळ तुझ्याशी खेळेल असं मात्र सांगू नका, ते नुसतं झोपतं आणि रडतं.

दवाखान्याचं आता. दुसऱ्या वेळी कळा सुरू झाल्यापासून डिलिव्हरी बहुतेक वेळा लवकर होते, त्यामुळे तारखेच्या दिवशी सासूबाई एसटीत बसल्या असं व्हायला नको. पेरण्या असल्या तरी त्यांना निदान दोन-तीन आठवडे आधी यायला सांगा, त्याला आजीच्या हातचं खायची, आजीजवळ झोपायची सवय व्हायला तेवढे दिवस लागतातच. मिस्टर नाइटला असतील आणि रात्री दोनला निघायची वेळ आली तर कोण तुझ्यासोबत आणि कोण ह्याच्याजवळ, हे शेजारच्या एका घराशी आत्ताच बोलून ठेव, घराची एक किल्ली त्यांच्याकडे दे. 102 आणि 108 हे दोन्ही नंबर फोनमध्ये सेव्ह असू देत. आणि तो झोपलेला असेल तर ठीक, पण जागा असेल तर त्याची नजर चुकवून पळून जाऊ नकोस. "आई दवाखान्यात जातेय, आजी तुझ्याजवळ आहे, आई परत येणार" हे त्याच्या डोळ्यांत बघून सांग, रडू दे त्याला, पण त्याला माहीत असू दे. तो भेटायला येईल तेव्हा बाळ पाळण्यात असू दे आणि तुझे हात मोकळे.

घरी आल्यावर एक नियम अगदी कडक पाळा, दोघांना एकटं सोडायचं नाही, कुकर बंद करायला जाण्यापुरतंसुद्धा नाही. मुद्दाम मारतात असं नसतं, ह्या वयाचं पोर प्रेमाने बाळाच्या तोंडात चुरमुरा घालतं, बिस्किटाचा तुकडा घालतं, आपण खातोय तर बाळाला पण द्यावं एवढाच त्याचा विचार असतो. आणि सासूबाई शेक-शेगडीचा आग्रह धरतील तर गरम पाण्याच्या पिशवीवर भागवा, पावसात खिडक्या लावलेल्या फ्लॅटमध्ये निखाऱ्याची शेगडी आणि धुरी बाळालाही नको आणि तुलाही नको, बंद खोलीत कोळशाच्या वायूने जीवावर बेतू शकतं. डिंकाचे, हळिवाचे लाडू मात्र खुशाल खा.

तुझ्या लोहाच्या गोळ्या कुठे असतात? हे मी मुद्दाम विचारतेय, कारण बऱ्याच घरांत त्या फ्रिजवर किंवा जेवणाच्या टेबलावर असतात, लाल, गोड आवरणाच्या, पोराला त्या गोळ्या-चॉकलेटच वाटतात आणि मूठभर लोहाच्या गोळ्या लहान मुलासाठी खरोखर विष आहे. आजच वरच्या कपाटात ठेव. घेताना चहा-दुधासोबत घेऊ नकोस, कॅल्शियमचीही वेळ वेगळी ठेव, नाहीतर लोह अंगी लागत नाही. आणि ताटात उरलेलं त्याचं उष्टं खायची सवय असेल तर सध्या बंद, डायपर बदलल्यावर साबणाने हात धू, लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून सीएमव्हीसारखे विषाणू येतात ते गरोदरपणात त्रासाचे ठरू शकतात. पहिल्या वेळी धनुर्वाताची दोन इंजेक्शनं झाली असतील आणि तीन वर्षं उलटली नसतील तर आता एकच बूस्टर लागतो, ते कार्डवर नोंदवलंय का बघून घे.

ओरडलीस त्याचं काय करायचं? त्याला जवळ घेऊन सांग की आईला राग आला होता, आई जोरात बोलली, आता राग गेला. एवढंच, त्याला समजतं. पण तू थकलेली आहेस ते खरं आहे, दुपारी तो झोपतो तेव्हा लॅपटॉप उघडू नकोस, तूही आडवी हो, आणि ह्या महिन्यात हिमोग्लोबिन तपासलं नसेल तर तपासून घे. आणि रडू येणं, झोप न लागणं, कशातच मन न लागणं हे दोन आठवड्यांहून जास्त राहिलं, आत्ता किंवा बाळ झाल्यावर, तर डॉक्टरांना स्पष्ट सांग. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीत बोलता येतं.

प्रश्न : मी कोल्हापूरहून लिहितोय, एका खाजगी कंपनीत सुपरवायझर आहे. बायकोला आठवा महिना आहे, मुलगी तीन वर्षांची. आम्हाला कंपनीत पुरुषांना बाळंतपणाची वेगळी रजा नाही, साठवलेल्या दहा सुट्ट्या आहेत. डिलिव्हरीच्या दिवसापासूनच सगळ्या घ्याव्यात का? घरात आई आणि सासूबाई दोघीही असणार आहेत, मग मी नक्की काय करायचं?

उत्तर : असा प्रश्न विचारणारं पत्र आलं याचा खूप आनंद झाला. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना दोन मुलांपर्यंत 15 दिवसांची रजा मिळते आणि ती बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत कधीही घेता येते, खाजगी नोकरीत मात्र कायद्याने असं काही बंधन नाही, तरी एचआरला एकदा लेखी विचारून बघा. दहा दिवस असतील तर माझ्या मते तीन-चार दिवस डिलिव्हरीच्या वेळी आणि उरलेले सगळे सासूबाई परत जातील त्या आठवड्यासाठी राखून ठेवा. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं, बारसं होतं, पाहुणे पांगतात, आणि मग एक दिवस असा येतो की तुमची बायको, तान्हं बाळ आणि तीन वर्षांची मुलगी अशा तिघीच घरात असतात, त्या वेळी तुमची खरी गरज आहे.

आणि काय करायचं तर मुलगी तुमची. बाळाला घ्यायला दोन आज्या आहेत आणि दूध फक्त आई पाजू शकते, पण त्या मुलीकडे त्या दिवसांत कुणाचंच लक्ष नसतं. तिची अंघोळ, वेणी, संध्याकाळी रंकाळ्यावर चक्कर, हे तुम्ही घ्या आणि डिलिव्हरीच्या महिनाभर आधीपासून घ्या. रोज थोडा वेळ तिला आई एकटी मिळेल हेही बघा, त्या वेळी बाळाला घेऊन तुम्ही दुसऱ्या खोलीत जायचं. तिने चुकून बाळाला जोरात दाबलं तर ओरडू नका, हात धरून हळू कसं लावायचं ते दाखवा.

प्रश्न : अहिल्यानगर. मी कंपनीत आहे, दुसऱ्या बाळंतपणाला रजा कमी मिळते असं ऑफिसमधली मैत्रीण म्हणते. आणि माझी जाऊ गावी शेतात काम करते, तिलाही दुसऱ्यांदा दिवस गेलेत, सरकारकडून पहिल्या वेळी पैसे मिळाले होते ते परत मिळतात का?

उत्तर : मैत्रिणीचा गोंधळ झालाय. 1961च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017ला बदल झाला तेव्हापासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा आहे, तिसऱ्यापासून 12 आठवडे. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे तारखेच्या आधी घेता येतात. अट एवढीच की आधीच्या बारा महिन्यांत त्या कंपनीत 80 दिवस काम झालेलं हवं. पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापला जात असेल तर पैसे ईएसआयकडून येतात. 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तर कंपनीने पाळणाघराची सोय करायची असते, हेही विचारा, घरात दोन लहान मुलं असताना ह्याचा फार उपयोग होतो.

जाऊबाईंना पंतप्रधान मातृवंदना योजनेचे पैसे मिळाले असतील, पहिल्या बाळाला 5,000 रुपये. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच 6,000 रुपये एकरकमी मिळतात, मुलगा झाला तर नाही. जन्माची नोंद आणि लसीकरणाची पहिली फेरी पूर्ण लागते, फॉर्म अंगणवाडीत किंवा आशाताईंकडून भरा. जाऊबाईंचं पहिलं मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर अंगणवाडीतून त्याचा आणि गरोदर म्हणून त्यांचा स्वतःचा असा दोघांचाही आहार मिळतो, एकाच नावावर घेऊन येऊ नका म्हणावं.

प्रश्न : मी चिपळूणची आजी. नात अडीच वर्षांची आहे, पुढच्या महिन्यात सुनेला दुसरं होईल. बाळंतविडा शिवून ठेवलाय. बारशाला सगळे बाळासाठीच काहीबाही आणतात, थोरलीला काय वाटेल याचा विचार मनात येतो. तिच्यासाठी काय करू?

उत्तर : काकू, बाळंतविडा शिवताना उरलेल्या कापडातून तिच्या बाहुलीला एक झबलं आणि टोपडं शिवा, आई बाळाचे कपडे बदलेल तेव्हा ही बाहुलीचे बदलेल. बारशाला येणाऱ्या जवळच्या चार माणसांना आधीच फोन करून सांगा की घरात शिरल्यावर पहिली हाक हिला मारा, बाळ कुठेय म्हणून सरळ पाळण्याकडे जाऊ नका. महागाच्या भेटवस्तूंची गरज नाही. त्या गर्दीत तिची झोपेची आणि जेवणाची वेळ चुकते आणि मग ती रडली की सगळे म्हणतात बाळाचा हेवा करतेय, तर तिला वेळेवर जेवू घालून दुपारी शेजारी झोपवायची जबाबदारी तुम्ही घ्या. पाळण्याच्या वेळी ती जागी असेल तर नाव ठेवताना कानात कुर्रर्र करायला तिलाही पुढे घ्या, आत्याच्या शेजारी उभी राहू दे. आणि पाळणे म्हणताना तिच्या वेळचा पाळणा पाठ असेल तर तोही म्हणा, तिचं नाव घेऊन.